वॉशिंग्टनहून आलेला मुहूर्त

२० जानेवारी. मुगाच्या वड्या घालायच्या आहेत. डाळ काल भिजत घातली होती. सकाळी उपसली, जाडसर वाटली, आलं, मिरची, जिरं, हिंग घातलं आणि आता मागच्या अंगणात रुहीच्या ट्रॅम्पोलिनवर धुतलेला प्लास्टिकचा कागद पसरून मी वाकून एकेक वडी घालते आहे. रुही माझी मुलगी. सतरा वर्षांची झाली, आता उड्या मारत नाही. ट्रॅम्पोलिन काढून टाकू या असं माझा नवरा मिलिंद दरवर्षी म्हणतो आणि मी दरवर्षी नाही म्हणते. वाळवणाला इतकी चांगली जागा कॅनबेराच्या या गुंगालिन उपनगरात दुसरी नाही. जमिनीपासून उंच, खालून वारा, भोवती जाळी. एक मॅगपाय पक्षी चालत येऊन जाळीबाहेर उभा राहतो आणि तपासणीला आल्यासारखा बघत बसतो. वरून येणाऱ्या काकाकुव्यांसाठी जुनी सुती साडी ताणून बांधायची. या कामासाठी मी ऑफिसातून एक दिवस सुट्टी घेते. बॉसला कारण सांगते, तो नो वरीज म्हणतो. त्याला काही कळलेलं नसतं.

नागपूरला वाळवणं एप्रिल-मेची. इथे ऊन उलटं, म्हणून हंगामही उलटा. नेमका याच दिवसांत, दर चार वर्षांनी, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो. तिथे लोक ओव्हरकोटात कुडकुडत असतात आणि इथे माझ्या हाताला मुगाचं पीठ असतं. त्यामुळे झालंय असं की इथले वड्यांचे हंगाम मला राष्ट्राध्यक्षांवरून आठवतात.

२००९ च्या हंगामात रुही तीन महिन्यांची होती. तिला सावलीत बास्केटमध्ये ठेवून वड्या घातल्या होत्या. त्या वर्षी नवा राष्ट्राध्यक्ष आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने एक तुरुंग बंद करण्याच्या हुकुमावर सही केली. आम्ही दोघांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. तो तुरुंग अजून उघडा आहे. २०१७ च्या हंगामात पहिल्या आठवड्याचा हुकूम काही देशांतल्या लोकांना येऊ न देण्याचा होता. विमानात चढताना चालणारा व्हिसा उतरताना चालेना. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की सही ही गोष्ट विमानापेक्षा वेगाने जाते. २०२० मध्ये वड्या घातल्याच नाहीत. त्या जानेवारीत कॅनबेरात वणव्यांचा धूर इतका होता की ऊन तांबडं पडायचं आणि बाहेर टाकलेल्या कपड्यांना जळका वास यायचा. २०२१ मध्ये आधीच्याचे हुकूम पुढच्याने पहिल्याच दुपारी रद्द केले. वड्या छान झाल्या.

पण वड्या घालताना मनात येतो तो गेल्या वर्षीचा हंगाम.

मी इथे ऑस्ट्रेलियात सरकारी नोकर आहे. कुठल्या खात्यात ते महत्त्वाचं नाही. आमच्याकडे निवडणूक लागली की प्रत्येक खातं दोन जाडजूड पुस्तकं तयार करतं. एक पक्ष जिंकला तर लाल, दुसरा जिंकला तर निळं. नवा मंत्री पहिल्या दिवशी खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्यापुढे त्याच्या रंगाचं पुस्तक येतं: तुम्ही दिलेली आश्वासनं अशी पुरी करता येतील, हा कायदा बदलावा लागेल, ही सही लागेल. दुसऱ्या रंगाचं पुस्तक कोणी बघत नाही. मी दोन्ही रंगांची पानं लिहिली आहेत. म्हणून मला एक पक्कं ठाऊक आहे. कुठल्याही सरकारचा पहिला दिवस तो दिवस उजाडायच्या कितीतरी आधी कोणीतरी टेबलाशी बसून लिहिलेला असतो. पहिल्या दिवशी फक्त सही होते.

तो कोणीतरी कोण, हे नेमणुकांवरून कळतं. २०२४ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनहून एकेक नाव जाहीर व्हायला लागलं, तेव्हा मी रोज ट्रामने सिटीत जाताना ती वाचायचे. मंत्र्यांच्या नावांवर सगळे चर्चा करतात. पण मंत्र्यांना सिनेटपुढे उभं राहावं लागतं, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या कार्यालयातली माणसं, चीफ ऑफ स्टाफ, त्यांचे डेप्युटी, सल्लागार, यांना कोणाचीच परवानगी लागत नाही. मालकाने म्हटलं की दुसऱ्या दिवशी खुर्चीत. मी ती नावं बघत होते. व्हिसा, सीमा, नागरिकत्व हे विषय ज्यांनी मागच्या खेपेला हाताळले होते, त्यातली काही माणसं परत येत होती आणि या खेपेला एकेक पायरी वर. नवशिका माणूस चुका करतो, त्याचे कागद कोर्टात पडतात. मागच्या खेपेला पडलेला माणूस घरी बसून ते कागद नीट करतो.

हे मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. ग्रुपवर नागपूरची माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, न्यू जर्सीतली तिची मुलगी करुणा, जावई निखिल, मी आणि मिलिंद. करुणाला तेव्हा पाचवा महिना होता. दोघं नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे. मी लिहिलं की पहिल्याच दिवशी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर काहीतरी येईल असं दिसतंय, वकिलाशी बोलून ठेवा.

निखिलने हसण्याच्या चेहऱ्यांची एक रांग पाठवली. मग लिहिलं, ‘मावशी, तुम्ही कॅनबेरात बसून वॉशिंग्टनचं पंचांग बघायला लागलात.’

ताईला ते लागलं. पंचांग हा आमच्या घरात शिवीसारखा शब्द. आम्ही बौद्ध. बाबांनी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या होत्या आणि घटनेची प्रत पुस्तकांच्या कपाटात नव्हती, फोटोंच्या शेजारी होती. माझ्या लग्नाची तारीख हॉल मोकळा होता म्हणून ठरली, ताईच्या लग्नाची बाबांची रजा मंजूर झाली म्हणून. ताई पस्तीस वर्षं शाळेत शिकवत होती. तिच्याबरोबरच्या एका बाईंनी सुनेचं सिझेरियन भटजींना विचारून सकाळी अमुक वाजता ठरवलं, तेव्हा ताईने स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं, पोटातल्या लेकराला घड्याळ दाखवता का? त्या बाई तिच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. ताई हे अभिमानाने सांगायची.

तर गेल्या वर्षी वीस जानेवारीला मी अशाच वड्या घातल्या. एकवीसला दुपारी त्या उलटत होते. जेवायची वेळ होऊन गेली होती. ऊन असं की ट्रॅम्पोलिनच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. रुही आतून फोन घेऊन आली, स्क्रीनवर टेबलामागे बसलेला नवा राष्ट्राध्यक्ष आणि एकामागून एक पुढे सरकवले जाणारे कागद. प्रत्येक कागदावर जाड सही, मग तो कॅमेऱ्याकडे वळवून दाखवायचा. त्यातला एक आमचा होता. आई मुदतीच्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसतील, तर बाळ नागरिक नाही. आजपासून तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या बाळांसाठी.

मी साडी परत ताणून बांधली. बोटांना मुगाचा चुरा लागला होता. माझं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद वगैरे मुळीच झाला नाही.

ताईचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. नागपुरात जेमतेम उजाडलं होतं. ती नेहमी आधी तब्येत विचारते, या वेळी नाही. करुणाची तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. निखिलने हिशोब केला होता, ताईने केला होता, दोघांचा एकच आला: अठरा फेब्रुवारीच्या आत झालं पाहिजे. तिच्या डॉक्टरने नाही म्हटलं होतं, पण निखिल दुसऱ्या डॉक्टरच्या शोधात होता. मी ऐकून घेतलं. मग मी तिला स्टाफरूमची आठवण करून दिली. लेकराला घड्याळ दाखवणारी आता तू का, असं विचारलं.

ताई म्हणाली, “तो भटजी होता गं. हा राष्ट्राध्यक्ष आहे.”



त्या आठवड्यातल्या गोष्टी तुटक तुटक आठवतात. कॅनबेरात उकाडा आणि संध्याकाळी कोरडी वीज, पाऊस नाही. ऑफिसात चहाच्या वेळी लोक अमेरिकेवर हसायचे. मी हसत नव्हते, कारण मला त्या कागदामागचं टेबल दिसायचं, त्यावरचा दिवा, कॉफीचा मग, परिच्छेद क्रमांक घालणारा माणूस. तो माझ्यासारखाच असणार. वेळेवर येणारा, डबा आणणारा. आमच्या शेजारणीची मुलगी टेक्ससमध्ये असते, तिलाही महिने भरत आले होते. शेजारीण पंजाबी. रोज कुंपणापाशी येऊन विचारायची, ‘दीदी, आपको क्या लगता है?’ मी एकदा सांगून चुकले होते, आता सगळे मलाच विचारणार होते. ज्या घराने तीन पिढ्या पंचांग उघडलं नाही, त्या घरातली मी कुंपणापाशी उभी राहून ग्रह सांगत होते.

दोन-तीन दिवसांत एका न्यायाधीशाने हुकूम थांबवला. ताईने ग्रुपवर फक्त एक ओळ लिहिली, ‘घटनेत लिहिलेलं सहीने पुसत नाही.’ बाबांचंच वाक्य. मला वाटलं, चला, सुटलो.

शनिवारी सकाळी करुणाचा व्हिडिओ कॉल आला, तिच्याकडे शुक्रवारची दुपार. ती खिडकीपाशी बसली होती, बाहेर बर्फ, पोटावर लॅपटॉप टेकवलेला. मी वड्या डब्यात भरत होते. रुही समोर बसून टोस्ट खात होती. करुणा लहानपणापासून मुद्देसूद बोलणारी आहे, रडणारी नाही. तिने सांगितलं की डॉक्टर मिळाला आहे. तिचा रक्तदाब थोडा वर असतो, तेवढं कारण पुरेल. सतरा फेब्रुवारी ठरली आहे. तीन आठवडे आधी, फार नाही. मी म्हटलं, अगं पण कोर्टाने थांबवलंय. ती म्हणाली, थांबवलंय, रद्द नाही केलेलं. वरच्या कोर्टाने स्थगिती उठवली आणि त्या आठवड्यात बाळ झालं तर ते कोण? अमेरिकेचं नाही, भारताच्या वकिलातीत कागद होईपर्यंत भारताचंही नाही. मग हसून म्हणाली, “तुझं बरंय मावशी. तुझ्या देशात असले प्रकार नाहीत.”

रुहीने टोस्ट खाली ठेवला. “बट आय वॉजन्ट बॉर्न अ सिटिझन आयदर. राइट, आई?”

खरं होतं ते. रुही कॅनबेराच्या हॉस्पिटलात जन्मली तेव्हा आम्हीही मुदतीच्या व्हिसावर होतो. इथे जन्मलं म्हणून आपोआप नागरिक, हा नियम ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्येच काढून टाकला. आम्ही यायच्या कितीतरी आधी. राष्ट्राध्यक्ष नाही, कॅमेरे नाहीत, संसदेत साधा कायदा झाला आणि लागू झाला. रुही जन्मतः परदेशी होती, आमच्याच व्हिसावर. नंतर आम्ही कायमचे रहिवासी झालो, मग ती नागरिक झाली, एक प्रमाणपत्र आलं, मी ते फाइलीत लावलं. त्या काळात मी एक रात्रही जागले नव्हते. असा नियम आहे, इतकंच माहीत होतं.

मला वाटलं हा चांगला मुद्दा हाताला लागला. मी करुणाला म्हटलं, बघ, ही नव्हती नागरिक. हिचं काही बिघडलं का? बाळाला कागद उशिरा मिळाला तर चालतो. बाळ लवकर आलं तर त्याच्या छातीला चालतं की नाही, ते विचार.

करुणा रुहीकडे बघत होती. मग मला म्हणाली, “मावशी, कागद मिळणार हे तुला माहीत होतं. मला माहीत नाही. तुझा नियम तू यायच्या आधीपासून होता. माझा मला पाचवा महिना असताना कोणीतरी टाइप करत बसला होता. तूच सांगितलंस ना.”

मीच सांगितलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं की मला कागद कळतात, फुप्फुसं कळत नाहीत, पहिल्या डॉक्टरचं ऐक. ती बरं म्हणाली. तिच्या बरं म्हणण्यावरून मला कळलं की ती ऐकणार नाही. रुहीने डबा उचलून फळीवर ठेवला. मॅगपाय रिकाम्या ट्रॅम्पोलिनपाशी उभा होता.

पुढे आणखी न्यायाधीशांनी हुकूम थांबवला. तारीख जवळ येत गेली तसा तो लागू होण्याची शक्यता कमी होत गेली, आणि त्याच प्रमाणात ताई, निखिल आणि करुणाचा निश्चय पक्का होत गेला. हे मी इथून बघत होते. भीतीचं आणि कायद्याचं गणित वेगळं असतं. आम्ही सरकारी लोक हुकूम लागू झाला की नाही हे तपासतो. गॅझेट, तारीख, कलम. त्या हिशोबाने तो हुकूम कुठेच लागू झाला नाही. पण आमच्या घरात झाला. न्यू जर्सीच्या एका बेडरूममध्ये, नागपूरच्या एका स्वयंपाकघरात, तंतोतंत, मुदतीच्या दोन दिवस आधी.

सतरा फेब्रुवारीला मुलगी झाली. रडली उशिरा. श्वास नीट घेईना म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथून करुणाने फोटो पाठवला. नाकात नळी, डोक्यावर कुठल्या तरी नर्सने विणलेली पिवळी टोपी, आणि एवढीशी मूठ आवळलेली. ग्रुपवर कोणी अभिनंदन लिहिलं नाही. ताईने त्या दिवसांत मला रोज फोन केला आणि रोज हवेबद्दल बोलली. एकदाच म्हणाली, अजून तीन आठवडे आत राहिली असती तर. मी वाक्य पुरं करू दिलं नाही. निखिल त्या पेटीशेजारी खुर्चीवर झोपायचा, असं करुणाने नंतर सांगितलं. पंचांगाचा विनोद त्याने परत केला नाही.

मुलगी बरी झाली. मैत्री नाव ठेवलं. आता अकरा महिन्यांची आहे, धरून उभी राहते. थंडीत छाती वाजते, पंप द्यावा लागतो, मोठी झाली की जाईल म्हणतात. हुकुमाचं प्रकरण वरच्या कोर्टात आहे, निकाल अजून लागायचा आहे.

मी हे सगळं आज वड्या घालताना पुन्हा मनातून फिरवलं, कारण वर्ष झालं आणि कारण मघाशी करुणाचा फोन आला. मी हात न धुताच स्पीकरवर घेतला. पुढच्या महिन्यातल्या वाढदिवसाचं बोलणं झालं, केक कुठला, ताईला व्हिसा मिळतो का. मागे मैत्री काहीतरी आपटत होती. ते बागेत निघाले होते. करुणा निखिलला वस्तू सांगत होती, मला ऐकू येत होतं: डायपर, पाण्याची बाटली, टोपी, पंप, मैत्रीचा पासपोर्ट.

मी विचारलं, बागेत पासपोर्ट कशाला?

“असू दे,” करुणा म्हणाली. “आम्ही तिघांचेही नेतो. सवय झाली.”

तिचा आवाज अगदी साधा होता, डायपर म्हणताना होता तसाच. मग तिने गंमत म्हणून विचारलं की मावशी, आता तुमच्याकडच्या नेमणुकांतली नावं काय म्हणतात? मी म्हटलं, आमच्याकडे ठीक आहे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी आमच्याकडची नावं त्या नजरेने कधी वाचलेलीच नाहीत. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी इथल्या शहरांतूनही परदेशी लोकांविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकांवर आमचा, भारतीयांचा, नाव घेऊन उल्लेख होता. त्या दिवशी मी मिलिंदला म्हटलं होतं की ट्राम बंद असेल, कामं उद्या करू. बस, इतकंच म्हटलं होतं. लाल पुस्तक, निळं पुस्तक. तिसऱ्या रंगाचं कोणी लिहीत बसलं असेल, तर ते मला कसं कळणार?

उरलेलं पीठ संपवलं. साडी बांधली. संध्याकाळी वड्यांवर बोट ठेवून पाहिलं, वरून टणक झाल्या होत्या.

२१ जानेवारी. सकाळी लवकर उठून त्या उलटल्या. खालून ओल्याच होत्या. मग हात धुतले, कपाटातली खालची फाइल काढली, त्यातलं रुहीचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र शोधलं आणि दाराजवळच्या खणात, किल्ल्यांच्या शेजारी ठेवलं. रुही सुट्टीतल्या नोकरीच्या शिफ्टला निघाली होती. तिने विचारलं काय शोधते आहेस. मी म्हटलं, काही नाही, आवरते आहे.